डोंगरातलं घर दाखवताना

रविवार, रात्री साडेनऊ

आज कॉनिफरच्या घराचं ओपन हाऊस झालं (विकायचं घर ठरलेल्या वेळेत कुणीही येऊन बघावं म्हणून उघडं ठेवतात ते), अकरा ते दोन, आणि डोक्यात इतकं काही साठलंय की झोपायच्या आधी लिहून टाकते. नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगते, मी अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरला राहते आणि घरं विकायचं काम करते, त्यातही जास्त करून २८५ हायवेच्या वरची आणि एव्हरग्रीनच्या बाजूची, म्हणजे डोंगरातली घरं. डेन्व्हर शहरच ५,२८० फुटांवर, आपल्या कळसूबाईचा माथा ५,४०० फूट, आणि कॉनिफर तर ८,२०० च्याही पुढे. खालून आलेली माणसं गाडीतून उतरून दारापर्यंतच्या पायऱ्या चढली की धापा टाकत उभी राहतात, त्यामुळे टेबलावर बाकी काही असो नसो पाण्याच्या बाटल्या असतातच, आणि मी कुणालाही लगेच वरच्या मजल्यावर नेत नाही, आधी जरा बसा म्हणते.

पाट्या लावायला सकाळी साडेनऊलाच पोचले होते. शहरात दोन बाण लावले की झालं, इथे प्रत्येक फाट्यावर एक लागतो, कारण अर्ध्या रस्त्यात फोनची रेंज जाते आणि मॅप तिथेच अडकून बसतो. शिवाय चुकलेल्या माणसाला गाडी वळवायला जागा नसते, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी खासगी फाटक. म्हणून आता जाहिरातीतच शेवटच्या तीन मैलांचा रस्ता शब्दांत लिहून टाकते, कुठल्या मेलबॉक्सच्या रांगेनंतर डावीकडे वळायचं वगैरे. पाट्यांवर दगड ठेवावे लागतात, वारा असा असतो की नुसत्या खोचलेल्या पाटीचा भरवसा नाही. आणि हो, घरात शिरल्यावर पहिलं काम म्हणजे मालकीणबाईंनी डेकवर, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी गच्चीवर, टांगलेली हमिंगबर्डची साखरपाण्याची बाटली आत आणली, मेमध्ये अस्वलं जागी झालेली असतात आणि त्यांना तो वास लांबून येतो. या भागात आडव्या दांडीची हँडलं असलेली दारं नीट लॉक करायची असतात कारण ती अस्वलाला पंजाने खाली दाबून उघडता येतात. हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, घाबरवायला नाही, तर इथे राहायचं म्हणजे कसं राहायचं ते कळावं म्हणून.

मुद्दा हा की व्ह्यू मला विकावा लागत नाही. दार उघडलं की समोर पाइन्सची दरी आणि लांबवर बर्फ, माणूस दोन मिनिटं काही बोलतच नाही. मग माझं काम काय? माझं काम म्हणजे जे त्या खिडकीतून दिसत नाही ते दाखवणं. पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, फेब्रुवारीत गाडी वर कशी चढते, आणि आग लागली तर बाहेर पडायला रस्ते किती. मी ओट्यावर एक जाड फाइल उघडीच ठेवते, बोअरवेलचं परमिट, पाण्याची तपासणी, सेप्टिकचे कागद (जेफरसन काउंटीत सेप्टिकवालं घर विकायचं तर तपासणी करून यूज परमिट घ्यावं लागतं), रेडॉनचा (जमिनीतून घरात येणाऱ्या किरणोत्सारी वायूचा) रिपोर्ट, गेल्या हिवाळ्यातली प्रोपेनची बिलं. काही एजंट म्हणतात एवढं सगळं पहिल्याच भेटीत कशाला, माणूस बिचकतो. बिचकू दे की. बिचकून गेलेला माणूस आज गेला तर त्याचा रविवार गेला, नंतर कळून गेला तर त्याची आयुष्याची कमाई अडकते.

साडेबाराच्या सुमारास हायलंड्स रँचहून, म्हणजे डेन्व्हरच्या एका उपनगरातून, एक मराठी कुटुंब आलं, नवरा-बायको, एक लहान मुलगी आणि जुन्नरकडून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी. बूट काढा म्हणायची गरजच नाही, चौघांनी दारातच काढून ओळीत ठेवले. मुलगी थेट खिडकीकडे, नवरा फोन काढून फोटो, आणि आजी मात्र स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभ्या राहिल्या. हात धारेखाली धरला, थोडं पाणी ओंजळीत घेऊन वास घेतला आणि मला म्हणाल्या, "पोरी, हे नळाचं की जमिनीचं?" मी म्हटलं आजी, जमिनीचं, बोअरचं. "किती फूट?" सहाशेच्या वर. "आणि उन्हाळ्यात टिकतं का?"

इतकं बरं वाटलं मला! इतक्या लोकांत हा प्रश्न पहिल्यांदा त्यांनी विचारला. मग मी त्यांना हाताला धरून खाली घेऊन गेले, पंपाची खोली दाखवली. निळी प्रेशर टँक, तिच्यावरचा काटा, बाजूला पाचशे गॅलनची साठवण टाकी (एक गॅलन म्हणजे साधारण पावणेचार लिटर). बोअर मिनिटाला जेमतेम दीड गॅलन देते, शहरातल्या माणसाला हा आकडा ऐकून धस्स होतं, पण रात्रभर टाकी भरत राहते आणि चार माणसांना ते पुरतं, फक्त सकाळी तिघांच्या आंघोळी, वॉशिंग मशीन आणि डिशवॉशर एकदम लावायचं नाही. आजींनी सुनेकडे बघून मान डोलावली, त्यांना हे गणित पटकन कळलं. वरचा नळ सोडल्यावर काटा खाली येतो आणि चाळीसला पंप चालू होतो तो आवाज त्यांनी कान देऊन ऐकला, काटा साठवर जाऊन पंप बंद झाल्यावरच वर आल्या.

पुढचं मात्र त्यांना पटलं नाही. या घराचं परमिट फक्त घरगुती वापराचं आहे, म्हणजे पाणी घराच्या आत वापरायचं, बाहेर बागेला घालायचं नाही. कोलोरॅडोत पाण्याचे हक्क हा जमिनीपासून वेगळा विषय, ज्याने आधी हक्क मिळवला त्याचा नंबर आधी, आणि लहान प्लॉटवरच्या बोअरला बहुतेक असंच परमिट मिळतं. पस्तीस एकर किंवा जास्त जमीन असेल तर नियम बरेच सैल होतात. "स्वतःच्या जमिनीतलं पाणी आणि तुळशीला घालायचं नाही?" आजींना खरंच वाईट वाटलं. मी सांगितलं तुळस आत खिडकीत ठेवा, तशीही इथल्या थंडीत ती बाहेर जगणार नाही, आणि २०१६ पासून पन्हाळीचं पावसाचं पाणी दोन पिंपांत मिळून ११० गॅलनपर्यंत साठवता येतं, ते झाडांना घाला. त्याआधी बहुतेक घरांना तेही चालत नव्हतं. सूनबाईंनी विचारलं ताई इथे वरण शिजायला वेळ लागतो का, तर हो, या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय तूरडाळ शिजायला फार वेळ लागतो. हे पण घर बघताना विचारायचेच प्रश्न आहेत.

मग नेहमीचा प्रश्न आला, इकडे आपले इंडियन लोक आहेत का. आपल्या माणसांना हे विचारावंसं वाटणं मी समजू शकते, मीसुद्धा या देशात नवीन असताना हेच शोधत होते. पण एजंट म्हणून मला त्याचं उत्तर देता येत नाही, १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यात कुठल्या वस्तीत कोण राहतं यावरून लोकांना इकडे-तिकडे वळवणं बसत नाही. मी म्हटलं संध्याकाळी या, शेजाऱ्यांना भेटा, किराणा दुकानात चक्कर मारा. आणि दुसरी एक गोष्ट मी स्वतःहून सांगते, की मी विकणाऱ्याची एजंट आहे, तेव्हा तुम्ही जास्तीत जास्त किती देऊ शकता ते मला सांगू नका. नवरा बोलता बोलता आकडा सांगणारच होता, मी थांबवलं. ऑगस्ट २०२४ पासूनच्या नियमांनी लोकांचा अजून गोंधळ आहे, त्यांना वाटतं ओपन हाऊसला यायला पण करार लागतो. तसं नाही, आपल्या एजंटला घेऊन घरं बघायची तर त्याच्याशी आधी लेखी करार लागतो, ओपन हाऊसला आपले आपण या, बघा, जा.

आगीचं बोलणं मी डेकवरच करते. शेवटी त्यांना बाहेर नेलं आणि डेकच्या खाली वाकून बघायला लावलं. घराला लागून पहिले पाच फूट जळण्यासारखं काही नको, लाकडाचा साठा नको, झुडूप नको, मग तीस फुटांपर्यंत झाडं विरळ आणि खालच्या फांद्या छाटलेल्या, आणि शंभरपर्यंत अजून एक पट्टा. या मालकीणबाईंनी ते मनापासून केलंय, पन्हाळीत एक सुई सापडणार नाही पाइनची. याच भागात मार्च २०१२ मध्ये सरकारी खात्यानेच लावलेली नियंत्रित आग वाऱ्याने पुन्हा भडकली आणि तीन माणसं गेली, मार्च महिन्यात, उन्हाळासुद्धा नव्हता. त्यामुळे मी सांगते की घर आवडलं तर ऑफर द्यायच्या आधी, हो आधी, विमा कंपनीला फोन करा, पत्ता द्या, लेखी कोट घ्या. काही घरांना आता विमाच मिळत नाही. २०२३ च्या कायद्याने राज्याने शेवटचा आधार म्हणून फेअर प्लॅन काढलाय पण त्यात घराला साडेसात लाख डॉलर्सपर्यंतच कव्हर आहे आणि इथली बरीच घरं पुन्हा बांधायला त्याहून जास्त लागतील.

काल शनिवारी मी स्वतः एका दुसऱ्या एजंटच्या ओपन हाऊसला गेले होते, अजून वर, पार्क काउंटीत. मी अशी जातच असते, दुसऱ्याची घरं बघितल्याशिवाय आपल्या घराची किंमत कळत नाही. घर सुंदर, फुलं, मेणबत्त्या, ओव्हनमध्ये काहीतरी दालचिनीचं भाजत ठेवलेलं. बोअरचा रिपोर्ट विचारला तर म्हणे नंतर पाठवू. ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतची गाडीवाट, उत्तरेच्या उतारावर, मे महिना असून झाडांच्या सावलीत वीतभर काळा बर्फ तसाच होता आणि त्यावर ताजी खडी टाकलेली. एक तरुण जोडपं होतं, पोटुशी होती ती मुलगी, आणि त्यांना कुणी त्या बर्फाकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. मला खूप राग आला. त्या घरात बाळ घेऊन जानेवारीत रात्री दोनला दवाखान्यात निघायचं झालं तर? मी दुसऱ्याच्या घरात उभी राहून त्याच्या गिऱ्हाइकाशी बोलणं बरोबर नाही, पण बाहेर गाडीपाशी भेटल्यावर एवढं म्हटलं की हा रस्ता हिवाळ्यात कोण साफ करतं, काउंटी की तुम्ही, ते नक्की विचारा. तिने लगेच फोनमध्ये लिहून घेतलं.

तुम्ही कधी असं घर बघायला गेलात तर नळ सोडून बघा, यजमानाला विचारून पाच मिनिटं चालू ठेवा, धार बारीक होते का बघा. ड्राइव्हवेचं तोंड कुठल्या दिशेला आहे बघा, दक्षिणेकडे असेल तर बर्फ दोन दिवसांत वितळतो. सेप्टिकची टाकी कुठे आहे आणि शेवटची कधी उपसली ते विचारा. फोन काढून आत रेंज येते का बघा. एकदा दिवसा गेलात तर दुसऱ्यांदा अंधार पडल्यावर जा, तोच रस्ता उतरून बघा. आणि उत्तर देताना समोरचा चाचरतोय असं वाटलं तर तोच प्रश्न लेखी विचारा.

जुन्नरच्या आजींचा मुलगा निघताना म्हणाला की ताई, विचार करून कळवतो, आईला पाणी पटलंय पण तुळशीचं नाही. त्याला फेब्रुवारीतले ड्राइव्हवेचे फोटो हवेत आणि पंप कुठल्या साली बदलला ते. मालकीणबाईंना मेसेज टाकलाय, फोटो आलेत, पंपाची पावती शोधतायत. उद्या सकाळी दोन्ही पाठवते.