ऊस आमचा, नाव दुसऱ्याचं

कुठलीही भारतीय व्हिस्की, रम नाहीतर ब्रँडीची बाटली घ्या आणि लेबलवर बारीक अक्षरात बघा, बहुतेक वेळा ४२.८ टक्के असं लिहिलेलं असतंय. ४० नाही, ४५ नाही, ४२.८ च का? तर हा इंग्रजांचा जुना हिशोब आहे. त्यांच्या मापात १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के अल्कोहोल, आणि आपल्याकडं त्याच्या २५ डिग्री खाली माल विकायचा असं ठरलं, म्हणजे ५७.१ चे पाऊण धरा, आलं ४२.८. इंग्रज गेले, त्यांनी स्वतः ते माप सोडलं पण आपण चालूच ठेवलंय. गंमत म्हणजे देशी दारूच्या दुकानातल्या संत्र्याच्या क्वार्टरवर पण तोच आकडा असतोय, म्हणजे एसी परमिट रूममधला साहेब आणि देशीच्या दुकानात उभ्या उभ्या नाइन्टी मारणारा गडी, ताकदीच्या बाबतीत दोघं एकदम सेम. आणि बऱ्याच वेळा दोघांच्या ग्लासात असतंय ते पण एकाच ठिकाणचं, साखर कारखान्याच्या मळीतलं.

मी काय फार पिणारा माणूस नाही (घरचे पण हा ब्लॉग वाचतात, त्यामुळं हे लिहून ठेवलेलं बरं) पण दारू बनते कशी याचा मला लई नाद आहे. आणि कोल्हापूरसारख्या ठिकाणी राहून, आजूबाजूला नजर जाईल तिथं ऊस, हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग, असं सगळं असताना एक गोष्ट कायम खटकते, की आमच्या नावाची एकसुद्धा दारू नाही. गुळाला नाव आहे, कोल्हापुरी गुळाला २०१४ ला जीआय टॅग मिळाला, चप्पलला आहे, मसाल्याला आहे. दारू मात्र टँकरमधनं बिननावाची बाहेर जाते.

ती कशी जाते ते आधी सांगतो. एक टन ऊस गाळला की साखर काढून झाल्यावर साधारण ४०-४५ किलो मळी राहते, काळी, चिकट, वास घेतला तर गोड पण आणि जळका पण. ती पातळ करून यीस्ट घालायचं, यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं, मग ते उंच उंच कॉलममध्ये वाफ करून वेगळं काढायचं. अल्कोहोल ७८ डिग्रीला उकळतं, पाणी १०० ला, सगळा खेळ या फरकावर चालतोय. कॉलममध्ये वाफ वर चढताना पुन्हा पुन्हा शुद्ध होत जाते आणि शेवटी ९६ टक्क्याच्या आसपासचं स्पिरिट हातात येतं, ज्याला ना वास ना चव. धंद्यातले लोक त्याला ईएनए, म्हणजे एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल, म्हणतात. या मळीतनं उसाच्या टनाला फार तर दहा-अकरा लिटर निघतं, त्याच्या दहा-बारापट घाण सांडपाणी निघतं ते वेगळंच. आता ९६ टक्क्याला नेल्यावर त्याच्यात उसाचं असं काय राहणार? कोल्हापूरचा ऊस असू दे, नगरचा असू दे नाहीतर युपीचा, सगळे एकाच लायनीत. पाणी घालून खाली आणायचं, रंग घालायचा, वास घालायचा, थोडी माल्ट घातली की व्हिस्की, संत्र्याचा इसेन्स घातला की देशी. म्हणून तर युरोपात आपल्या मळीच्या व्हिस्कीला व्हिस्की म्हणून विकता येत नाही, त्यांच्या कायद्यात व्हिस्की धान्याचीच पाहिजे. बार्लीपासनं नीट बनवली की मात्र आपली पण चालते, बेंगळुरूच्या अमृतनं २००४ ला आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन लाँच केली होती.

रमचं तसं नाही, रम मळीचीच असते, त्यात कमीपणा काही नाही. सतराव्या शतकात बार्बाडोसकडच्या मळ्यांत साखर करून उरलेल्या मळीचं करायचं काय यातनंच ती आली. आमच्या जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावं आहेत, त्यामुळं कॅन्टीनची रम हा इथला खरा मान, पाहुण्याला रम काढली म्हणजे पाहुणा जवळचा. ओल्ड मंक १९५४ पासनं आहे, भारतातल्या सगळ्यात प्रेमानं प्यायल्या जाणाऱ्या दारूत ती असेल. पण ती पण मोहन मीकिन कंपनीची, तिकडं उत्तरेतली. आमची नाही.

आता गुऱ्हाळावर या. माझ्या काकांचा ऊस काही वर्षं गुऱ्हाळाला जायचा, मी कॉलेजात असताना तिथं जाऊन बसायचो. चुलवाणात चिपाडं ढकलणारा जाळव्या, काहिलीत उकळणारा रस, रानभेंडीचा चीक घालून वर आलेली मळी (हो, तिला पण मळीच म्हणतात, कारखान्याची वेगळी ही वेगळी) झाऱ्यानं काढणारी माणसं. गुळव्या मामा एकच गोष्ट सारखी ओरडून सांगायचे, "रस ठेवू नगासा रं, आंबतोय!" म्हणजे ऊस तोडला की लगेच गाळायचा, गाळला की लगेच काहिलीत. सकाळचा रस तसाच राहिला तर संध्याकाळपर्यंत त्याचा वास बदलतो, फेस धरतो. उसावरच जंगली यीस्ट असतं, त्याला कुणी आमंत्रण द्यावं लागत नाही. आमच्यासाठी हे नुकसान, त्या आदणाचा गूळ नीट बसत नाही.

ब्राझीलमध्ये नेमकी हीच गोष्ट धंदा झाली. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तिकडं ऊस नेला, आणि तिथं ताज्या रसाची जी दारू होते ती कशासा. मळी नाही, ताजा रस. एक-दीड दिवस आंबवायचा आणि तांब्याच्या भट्टीत उडवायचा. ३८ ते ४८ टक्के असली तरच ते नाव लावता येतं, ब्राझीलबाहेर बनवली तर लावता येत नाही. लिंबू साखर बर्फ घातला की त्याचं कायपिरिन्या होतं. फ्रेंचांच्या मार्टिनिक बेटावर पण असंच. एकोणिसाव्या शतकात युरोपात बीटची साखर आली, उसाच्या साखरेचा भाव पडला, मग छोट्या मळेवाल्यांनी विचार केला की साखर करून तोट्यात जाण्यापेक्षा सरळ रसाचीच रम करू. ती ऱ्हम अग्रिकोल. १९९६ ला तिला फ्रान्सच्या वाईनसारखा एओसीचा दर्जा मिळाला, कुठल्या भागातला ऊस, कसा गाळायचा, सगळं लिहून ठेवलंय. आणि मला आवडलेला भाग म्हणजे ते पण कॉलमच वापरतात पण ६५ ते ७५ टक्क्याच्या दरम्यानच थांबतात. त्याच्यावर शुद्ध करायचंच नाही, कारण त्याच्यावर गेलं की उसाचा हिरवा वास निघून जातो. कॉलमला दोष देण्यात अर्थ नाही, थांबायचं कुठं हे ठरवणाऱ्यावर असतंय.

पोर्तुगीजांनी ऊस तिकडं नेला आणि ब्राझीलचा काजू इकडं आणला, म्हणजे हिशोब तसा बरोबर झाला म्हणायचा, फक्त त्यांनी आपल्या उसाचं सोनं केलं आणि त्यांच्या काजूचं सोनं केलं गोव्यानं. आम्हा कोल्हापूरवाल्यांना गोवा म्हणजे शेजारचं घर, राधानगरी-फोंड्यानं नाहीतर आंबोलीनं उतरलं की झालं. पण बहुतेक जण तिथं जाऊन स्वस्त बियर पिऊन परत येतात, काजूच्या फेणीचा नुसता वास घेऊन तोंड वाकडं करतात. अरे बाबांनो, ती बनताना एकदा तरी बघा. मार्च-एप्रिलमध्ये झाडाखाली आपोआप पडलेली बोंडंच गोळा करतात, झाडावरनं तोडत नाहीत, कारण पडलेलं तेच पूर्ण पिकलेलं. बी पिरगाळून बाजूला. मग बोंडं कोळंबीत टाकून, म्हणजे खडकात खोदलेल्या उथळ टाकीत, पायानं तुडवतात (आता बऱ्याच ठिकाणी यंत्र आलंय). रस बाहेरनं यीस्ट न घालता काही दिवस आंबू देतात, मग भाण नावाच्या मडक्यात, आता तांब्याच्या भांड्यात, खाली लाकडाचा जाळ. वाफ नळीतनं लावणी नावाच्या दुसऱ्या भांड्यात जाऊन गार होते. पहिल्यांदा जे उतरतं ते हुर्राक, १५ टक्क्याच्या आसपास, हलकं, फळाचा भरपूर वास, टिकत नाही म्हणून फक्त उन्हाळ्यातच मिळतं. तेच हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून परत उडवलं की फेणी, ४२-४५ टक्के. २००९ ला जीआय मिळाला, आणि २०१६ ला गोवा सरकारनं तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. माडाची फेणी तर काजूच्याही आधीची, रेंदेर माडावर चढून सूर म्हणजे माडी काढतो त्याची. ती आता दक्षिण गोव्यात गेलात तर शोधावी लागते, सापडली तर सोडू नका.

हेच काजू आमच्या आजरा-चंदगडमध्ये पण ढीगभर आहेत. बी प्रोसेसिंगला जाते आणि बोंडं झाडाखाली सडतात, वारा आला की अख्ख्या रानात आंबूस वास. तोच काजू, तोच उन्हाळा, मधे फक्त राज्याची हद्द. हद्दीच्या त्या बाजूला बोंडाची भट्टी लावणारा लायसन्स घेऊन बसतो, या बाजूला लावली तर उत्पादन शुल्कवाले उचलून नेतात.

आणि आपल्याकडं परंपरा नव्हती असं कुणी म्हणू नये. मनुस्मृतीत सुरेचे तीन प्रकार सांगितलेत (पिऊ नका हे सांगण्यासाठीच, पण सांगितलेत तर) त्यातला पहिलाच गौडी, गुळाचा. ती आंबवलेली असायची, भट्टीवर उतरवलेली नाही, तरी गुळाचीच. आणि आजही मेडिकलमध्ये जाऊन दशमूलारिष्ट घ्या, त्यात ५ ते १० टक्के अल्कोहोल असतंच. काढा, गूळ आणि धायटीची फुलं घालून बंद करून ठेवायचं, महिन्याभरात तयार. आसवात काढा उकळत नाहीत, अरिष्टात उकळतात, एवढाच मोठा फरक. माझी आज्जी माळकरी होती, दारूचं नाव काढलं तरी चिडायची, आणि जेवण झालं की द्राक्षासवाचे दोन चमचे न चुकता घ्यायची. कुणाची टाप होती तिला सांगायची.

वनौषधी आणि साखर घालून केलेल्या दारूला युरोपात लिक्युअर म्हणतात, तिकडं लिटरला किमान १०० ग्रॅम साखर असावी असा नियमच आहे. फ्रान्सच्या मठातले साधू शारत्रूज बनवतात, १३० वनस्पती, कृती १६०५ च्या हस्तलिखितातनं आलेली आणि ती मठातल्या दोन-तीन जणांनाच माहीत असते म्हणे. पण हे ऐकून भारावून जायची गरज नाही, राजस्थानात राजवाड्यांच्या केसर कस्तुरीसारख्या दारू पण मसाले-सुकामेवा घालूनच व्हायच्या, त्या राज्य सरकारनं वारसा म्हणून बाटलीत आणल्या. शेखावाटीतलं महनसर तर बडीशेपेच्या दारूसाठी प्रसिद्ध आहे. मध्य प्रदेशनं मोहाच्या दारूला वारसा दर्जा दिला. आपल्याकडं मोह म्हटलं की अजून पोलीस आठवतात.

आपल्याकडची गुळाची दारू म्हणजे हातभट्टी, काळा गूळ आणि नवसागर. तिचं कौतुक मला करायचं नाही. "पहिल्या धारेची" म्हणून मिशीला पीळ देणाऱ्यांना एक सांगतो, जगात कुठलाही चांगला भट्टीवाला पहिली धार फेकून देतो. जास्त लवकर उडणारे नको ते पदार्थ त्यातच असतात. मग मधला भाग ठेवायचा आणि शेवटचा कडवट परत पुढच्या घाण्यात टाकायचा. आणि विषारी दारूनं माणसं मरतात ती बहुतेक वेळा गूळ आंबवल्यामुळं नाही, उसाच्या-गुळाच्या रसात मिथेनॉल फार बनतच नाही. इंडस्ट्रीतलं मिथेनॉल स्वस्त पडतं म्हणून कुणीतरी ते मिसळतं, शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, आधी डोळे जातात, मग जीव. २०१५ ला मुंबईत मालवणीला शंभराच्या वर माणसं गेली. म्हणूनच म्हणतो, हातभट्टी बंद करायची तर तिच्या जागी कायद्यातली, तपासलेली, छोट्या भट्टीची दारू येऊ द्या की.

पण येणार कशी? १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अजून आहे, कागदोपत्री नुसतं प्यायला पण परमिट लागतं, विदेशीला एका दिवसाचे ५ रुपये आणि देशीला २. सरकारनं २०२५ ला महाराष्ट्र मेड लिकर असा नवा प्रकार काढला, मी मोठ्या आशेनं बातमी उघडली, तर ती धान्याची! देशात एवढा ऊस पिकवणारं राज्य आणि स्वतःच्या नावाची दारू धान्यापासनं, काय बोलायचं. आणि कारखान्यांना तर आता इथेनॉल परवडतंय, रसातनं थेट काढलं तर टनाला सत्तरेक लिटर निघतं आणि ते पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळतात. म्हणजे आमच्या उसाची सगळ्यात चांगली दारू माझी ॲक्टिव्हा पिते.

दरम्यान हरयाणातल्या पिकाडिली कंपनीनं उसाच्या रसाची बारा वर्षं मुरवलेली कामिकारा रम आणली, अमृतच्या टू इंडीज रममध्ये गुळाचं स्पिरिट आहे. हरयाणा आणि बेंगळुरू! उसात १२ टक्क्याच्या वर साखर उतारा देणारा पट्टा आमचा.

माझा चुलतभाऊ हे सगळं ऐकून म्हणाला, "मग दादा, आपणच लावूया की एक भट्टी मळ्यात." लावायची नाही. लायसन्सशिवाय घरी थेंबभर काढली तरी गुन्हा आहे, आणि पहिली धार किती टाकायची हे व्हिडिओ बघून शिकायची गोष्ट नाही. त्याला सांगितलं, एप्रिलमध्ये गोव्यात जाऊ, हुर्राक लिमका, मीठ आणि उभी चिरलेली मिरची घालून पिऊ, आणि तिथंच राहू. डिकीत बाटल्या भरून आंबोलीनं वर यायचं नाही, नाक्यावर गाडी उघडतात.