एरंडेलाचं विचारता म्हणून

"मावशी, इंजेक्शन न घेता कळा कशा आणायच्या?" लेबर रूमची ड्यूटी सुटून मला बरीच वर्षं झाली, पण इंदुरात लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर, कुठेही ओळखीच्या घरी कुणाला नववा लागला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. हल्ली विचारणाऱ्या अडतीस, चाळीस, बेचाळीस वर्षांच्या असतात. डॉक्टरांनी "तारखेच्या पुढे थांबायचं नाही" म्हणून बजावलेलं असतं, आणि घरात सासूबाईंनी एरंडेलाची बाटली काढून ठेवलेली असते.

एरंडेल काम करतं. उगाच नाही म्हणणार नाही. त्यातलं रिसिनोलिक आम्ल आतड्यांना चाळवतं तसंच गर्भाशयाच्या स्नायूंनाही चाळवतं. उंदरांवरच्या प्रयोगांत ते २०१२ साली नीट दिसून आलं. म्हणजे ते औषधच झालं, फक्त पावतीशिवाय मिळालेलं. रात्रभर जुलाब आणि उलट्यांनी गळून, ओठ सुकलेल्या अवस्थेत दाखल झालेल्या बायका मी पाहिल्यात. बाळंतपणाला ताकद लागते, ती संडासातच संपलेली. आणि दवाखान्यात कळांसाठी लावलेली ड्रिप जास्त झाली तर सिस्टर ती बंद करू शकते. पोटात गेलेलं तेल कोण बंद करणार? आधी सिझर झालेलं असेल तर एरंडेलाच्या वाटेला जाऊच नका.

तिखटाचं मात्र हसू येतं. झणझणीत खाऊन कळा येत असत्या तर सराफ्याच्या खाऊबाजारात रोज रात्री बाळंतपणं झाली असती. फरशी पुसणं, जिने चढणं याने अंग मोकळं राहतं, पण तेवढ्याने कळा सुरू होतात असं कुठे ठरलेलं नाही. नवऱ्याजवळ झोपण्याचंही कुजबुजत विचारतात. पाणी गेलं नसेल, वार खाली नसेल, डॉक्टरांनी मना केलं नसेल तर हरकत नाही. पण त्याने तारीख अलीकडे येत नाही. स्तनाग्रं चोळल्याने ऑक्सिटोसिन, म्हणजे कळा आणणारं संप्रेरक, सुटतं हे खरं, मात्र कळा एकावर एक आल्या तर बाळाचे ठोके उतरू शकतात. जिला बीपी आहे किंवा ज्या बाळाची वाढ कमी आहे, तिथे हे घरी करायचं काम नाही.

खजुराचं मी मनावर घेते. जॉर्डनमधला एक अभ्यास २०११ मध्ये छापून आला. तारखेआधीचे चार आठवडे रोज सहा खजूर खाणाऱ्या ६९ जणींपैकी ९६ टक्क्यांना कळा आपसूक आल्या. न खाणाऱ्या ४५ जणींत हे प्रमाण ७९ टक्के होतं. अभ्यास लहान, आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे फार डोक्यावर घेऊ नका. पण सियागंजातून किलोभर खजूर आणण्यात काही जात नाही. अर्थात साखर वाढलेली नसेल तर, आणि चाळिशीतल्या गरोदरपणात ती बरेचदा वाढते.

आता डॉक्टर घाई का करतात ते. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१३ मध्ये मांडलेला हिशोब असा, की ३९-४० आठवड्यांत बाळ पोटातच दगावण्याचा धोका पस्तिशीच्या आतल्या आईला हजारी सुमारे एक असतो, चाळिशी ओलांडलेलीला सुमारे दोन. पंचविशी-तिशीतली मुलगी ४१व्या आठवड्यात जिथे पोहोचते, तिथे चाळिशीची बाई ३९-४०लाच पोहोचलेली असते. धोका लहानच आहे, पण "दिवस भरू दे, येईल आपोआप" हा आजीचा सल्ला आजीच्या वयाच्या हिशोबाने होता. तिचं पहिलं बाळंतपण विशीच्या आत झालेलं!

"इंजेक्शन दिलं की शेवटी सिझरच होतं" हेही ऐकते. ब्रिटनमध्येच पस्तिशीपुढच्या ६१९ पहिलटकरणींवर चाचणी झाली, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. ३९व्या आठवड्यात कळा आणवलेल्यांत सिझर ३२ टक्के, वाट पाहणाऱ्यांत ३३ टक्के. फरक नाहीच म्हणा.

म्हणून शेवटच्या आठवड्यात बाटल्या शोधण्यापेक्षा डॉक्टरांना विचारा, गर्भपिशवीचं तोंड कितपत तयार आहे. ते मऊ आणि थोडं उघडलेलं असेल तर तपासताना बोट फिरवून पाण्याची पिशवी तोंडापासून सुटी करतात, याला स्वीप म्हणतात. ३९ आठवड्यांनंतर करता येतं. दुखतं, थोडा लालसर डाग दिसतो, पण पुढे औषध लागण्याची शक्यता कमी होते. बिनऔषधाचंच हवं असेल तर माझ्या मते मागावं ते हे. तोंड घट्ट असेल तर आधी जेल, गोळी किंवा फोलीचा फुगा (टोकाला फुगा असलेली नळी) लावून ते मऊ करतात, मग ड्रिप. यात कधीकधी दीड-दोन दिवस जातात. नातेवाईकांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर बाहेर बाकावर बसून "अजून कसं नाही?" सुरू होतं.

ड्रिपच्या कळा बरेचदा जोरात आणि लवकर चढतात. दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन हवं असेल तर रात्री भूलतज्ज्ञ मिळतात का, हे भरती व्हायच्या दिवशी नाही, आधीच्या तपासणीतच विचारून घ्या. आणि बाळाचं फिरणं कमी वाटलं तर खजूर, तेल, फोन, माझा सल्ला, सगळं बाजूला ठेवून रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.