सोळा पायऱ्यांचा वाडा

पंचवटीतल्या आमच्या मंडळाचं संमेलन दरवर्षी डिसेंबरात असतं. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा सत्कार सगळं यथासांग पार पडतं. माझा जीव मात्र पोरांच्या बोलण्यात असतो. हस्तकलेच्या वर्गात केलेली इमारत टेबलावर ठेवायची आणि तिच्या शेजारी उभं राहून तीन मिनिटं बोलायचं, हातात कागद नाही.

काळाराम मंदिर असतंच. काळा दगड दिसावा म्हणून चाळलेली वाळू फेव्हिकॉलमध्ये कालवून भिंतींना थापायची, वाळली की काळा पोस्टर कलर. एकाने घाईत डब्यातला स्प्रे मारला आणि शिखर डोळ्यांदेखत विरघळलं. त्या रंगातलं द्रावक थर्माकोल खातं. पोरगं खूप रडलं. पुढच्या वर्षी त्याने नुसता महादरवाजा केला, तोही बंद, आणि २ मार्च १९३० ला सुरू झालेल्या मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहाबद्दल बोलला. मागे बसलेले आजोबा उठून उभे राहिले.

पण माझ्या मनातून जात नाही तो वाडा. सातवीतल्या मुलीने स्वतःचं राहतं घर केलं होतं, एका फुटाला एक सेंटिमीटर धरून. खांब आइस्क्रीमच्या काड्यांचे, कौलं दुमडलेल्या पुठ्ठ्याची. म्हणाली, "जिन्याला सोळा पायऱ्या आहेत. नववी मोडकी आहे, म्हणून मीपण मोडकीच केली. मार्चमध्ये वाडा पाडणार आहेत." पहिल्या रांगेत तिची आजी होती. ती नववी पायरी बोटाने चाचपत राहिली.

तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आपल्या पोराचा फोटो काढला की पालक निघतात, याचं मला अजून वाईट वाटतं. दुसऱ्याचं पोरही आपलंच नाही का?

मदत करणाऱ्यांपैकी नाव छापलेलं कुणालाच आवडत नाही, म्हणून कामानेच आठवण काढते. निक्रोमची तार ताणून, ट्रान्सफॉर्मर जोडून थर्माकोल कापायचं यंत्र करून देणारे वायरमनकाका. २०१८ च्या बंदीनंतर आम्ही नवा थर्माकोल आणत नाही. तेव्हापासून टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांतला जुना थर्माकोल राखून ठेवणारे दुकानदार. पुठ्ठा देणारे किराणावाले. मापाला टेप देणाऱ्या शिवणकामवाल्या काकू. टेबलं वाहून आणणारी तालमीतली पोरं. माईकवाले दादा, चहावाले मामा. रात्री जागून शिखरं चिकटवणाऱ्या दोघी ताया.

आणि सभागृह झाडणाऱ्या मावशी, ज्यांचा उल्लेख गेल्या वर्षी भाषणात राहिला आणि मला रात्रभर झोप लागली नाही. थर्माकोलचे दाणे केरसुणीने उडतात, केसांना, साडीला चिकटतात. मावशी ओलं फडकं घेऊन गुडघ्यांवर बसतात आणि एकेक दाणा टिपतात. त्या दिवशी वाड्याखालची फरशी पुसताना त्यांनी आधी वाडा दोन्ही हातांनी उचलून खिडकीत ठेवला होता.