आमची वाटचाल : खाडाखोडीवर चालणारा व्यवसाय

पुण्यातील पब आणि रेस्टोबारमध्ये संध्याकाळी क्विझ भरवणे हा आमच्या छोट्या भागीदारी संस्थेचा व्यवसाय आहे, असे सांगितले की ‘याचे पैसे कोण देते?’ हा प्रश्न हमखास येतो. खेळणाऱ्यांना प्रवेश मोफत असतो. मानधन पबचालक देतो, कारण शुक्रवार-शनिवारी त्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नसले, तरी मंगळवारी भाडे, पगार आणि विजेचा खर्च चालूच राहतो आणि निम्मी टेबले रिकामी असतात. शेरॉन बर्न्स आणि टॉम पोर्टर यांनी इंग्लंडमध्ये १९७६ साली अशाच रिकाम्या संध्याकाळी भरून काढण्यासाठी पबांना प्रश्न पुरवण्याची कंपनी काढली होती. आमचे गणितही तेच आहे.

माझा मावसभाऊ आणि मी, आम्ही दोघेही कॉलेजच्या आणि पुण्यातील हौशी क्विझपटूंच्या बोट क्लब क्विझ क्लबच्या वातावरणात तयार झालो. तिथले प्रश्न मुरलेल्या खेळाडूंसाठी असतात आणि त्यांची मजा वेगळी आहे. पण कचेरी सुटल्यावर हिंजवडीहून वाहतुकीत अडकून आलेले सहा जण टेबलाभोवती बसतात, ते मुळात एकमेकांना भेटायला. त्यांच्यापैकी एकाला क्रिकेट येते, एकीला जुनी गाणी, आणि कोणी एक जण केवळ आग्रहाखातर आलेला असतो. या शेवटच्या माणसाने निदान एकदा तरी वाद घातला पाहिजे, हा प्रश्न काढतानाचा आमचा निकष आहे.

तो साधला की नाही, हे उत्तरपत्रिका सांगतात. ग्लासांच्या ओल्या वर्तुळांनी आणि चटणीच्या डागांनी भरलेले ते कागद आम्ही गुण मोजून झाल्यावर टाकून देत नाही, तर घरी आणून त्यांतली खाडाखोड वाचतो. मुंबई-ठाणे रेल्वे कोणत्या तारखेला धावली, असे विचारले की एक जण १६ एप्रिल १८५३ लिहून मोकळा होतो आणि बाकीचे पाच पापड मोडत बसतात. याउलट, दादासाहेब फाळके यांच्या १९१७ सालच्या ‘लंकादहन’मधील राम आणि सीता यांचे कलावंत प्रत्यक्षात एकमेकांचे कोण लागत होते, असे विचारले तेव्हा एका कागदावर ‘नवरा-बायको’ लिहून खोडलेले होते, त्याखाली ‘भाऊ-बहीण’ खोडलेले होते आणि समासात वेगळ्या अक्षरात ‘बायका कुठे होत्या तेव्हा?’ अशी शंका होती. दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या होत्या, हे कळल्यावर उत्तर चुकलेल्या टेबलांनीच सर्वांत मोठा गलका केला. असे प्रश्न आठवड्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सापडतात, आणि माझ्या मते आमचे खरे भांडवल तेच आहे.

बाकी बरेचसे काम वेळ सांभाळण्याचे आहे. दोन फेऱ्यांमध्ये गाणी लावून थांबावे लागते, कारण त्याच वेळात वेटर ऑर्डर घेतात आणि पबचालकाचा धंदा होतो. मोबाइल टेबलाच्या मधोमध पालथे ठेवायला सांगतो. तरीही स्वच्छतागृहात वारंवार जाणारे विद्वान असतातच. बरोबरी झाली, तर कळसूबाईची मीटरमधील उंची विचारतो, आणि १६४६ च्या सर्वांत जवळ जाणारा संघ जिंकतो.

आयपीएलच्या दिवसांत मोठ्या पडद्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नसल्यामुळे आम्ही सामन्यांच्या संध्याकाळी सोडून देतो. श्रावणाची धास्ती मात्र पबचालकांना आमच्याहून जास्त असते. संघ नेहमीप्रमाणे येतात, पण फ्रेश लाइम सोडा आणि मसाला पापड यांवर तीन तास बसतात. अशाच एका श्रावणात एका चालकाने ठरलेल्या मानधनातून परस्पर कपात केल्यापासून आम्ही रक्कम आगाऊ घेतो. २०२० च्या टाळेबंदीत सगळेच पब बंद झाले, तेव्हा कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी घेतलेल्या ऑनलाइन क्विझने संस्था तगवली. पण त्यात खोडलेली उत्तरे दिसत नसत, म्हणून पब उघडताच आम्ही पुन्हा कागद-पेन्सिलीकडे वळलो.

सध्या रविवारी सकाळी कॅफेमध्ये संपूर्ण मराठी क्विझ सुरू केले आहे. पबात यायला कचरणारे नियमित खेळाडूंचे आईवडील तिथे येतात, नाट्यसंगीताच्या फेरीत मुलांना बोलूही देत नाहीत, आणि निकालानंतर आमच्याशी अर्ध्या गुणासाठी भांडतात. कॅफेचा मालक आता ही जागा महिन्यातून दोनदा द्यायला तयार झाला आहे.