निकाली निघालेल्या केसचं वॉरंट

२०२४ च्या विधानसभेच्या मतदानाला आठ दिवस होते. निवडणूक लागली की आमच्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. रस्त्यांवरचे खड्डे बुजतात, आणि पोलीस ठाण्याच्या कपाटात निजलेली पकड वॉरंटं बाहेर निघतात. अजामीनपात्र वॉरंटं किती बाकी, किती बजावली, हा आकडा वर कळवायचा असतो. मग एरवी वर्षानुवर्षं 'मिळून येत नाही' असा शेरा असलेली माणसं त्या महिन्यात पहाटे पाचला स्वतःच्या घरात झोपलेली मिळून येतात.

त्या मंगळवारी सकाळी मला फोन आला तो अशाच एकाच्या मेहुण्याचा. "मॅडम, दाजीला उचललं. गाडी आज निघायचीय ओ."

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याला वकिली करते, त्यामुळे गाडी म्हणजे कुठली हे विचारावं लागलं नाही. साखर कारखाने १५ नोव्हेंबरला सुरू व्हायचे होते, ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या होत्या. नवरा-बायकोचा एक कोयता, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, ट्रकमध्ये बाजरीची पोती, भांडी, शेळी आणि लेकरं. गाडी चुकली तरी उचल डोक्यावर राहतेच.

केस कसली, नंबर काय, काहीच माहीत नव्हतं. "थोरली पोरगी झाली त्या साली भांडण झालं होतं," एवढंच. कोर्टाच्या पायरीवर बसून मोबाइलवर ई-कोर्ट उघडलं. त्यात पक्षकाराचं नाव इंग्रजी अक्षरांत टाकावं लागतं. ह्यांचं नाव सांगत नाही, पण ते 'ज्ञ'ने सुरू होतं, आणि 'ज्ञ'चं स्पेलिंग हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा मामला. डी-एन-वायने शून्य. जी-वायने शून्य. सालं बदलून पाहिली. शेवटी नुसतं डी-एन-ए टाकलं तेव्हा २०११ ची आर.सी.सी., म्हणजे नियमित फौजदारी खटला, निघाली. आरोपी चार, भारतीय दंड संहितेची कलमं ४४७, ३२३, ५०४, ५०६ सह ३४: घुसखोरी, मारहाण, अपमान, धमकी, तेही मिळून. चुलतभावाच्या रानातून पाइपलाइन नेण्यावरून झालेली मारामारी. आणि खाली ठळक अक्षरांत: निकाली, डिसेंबर २०१४, लोकअदालत, तडजोड.

मला स्फुरण चढलं. मुंबईतल्या एका वकिलाला रद्द झालेल्या वॉरंटवर २००२ साली १५ ऑगस्टला अटक झाली होती. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०११ मध्ये वॉरंटांची नोंद कशी ठेवायची याचे नियमच कोर्टाने घालून दिले. ते सगळं मी व्हरांड्यात, त्याला धरून आणलेल्या पोलीस जमादारांना ऐकवलं. आवाज जरा चढाच होता. जमादारांनी शांतपणे घडी केलेला कागद दाखवला. "मॅडम, मला हा कागद आलाय. मोबाइल दाखवून माणूस कसा सोडू?"

मग मी तरातरा कोर्टाच्या ऑफिसात गेले. तिथले कारकून भाऊसाहेब निवृत्तीला आलेले. त्यांनी माझ्या मोबाइलकडे पाहिलंच नाही. "कितव्या नंबरचा आरोपी?"

ते मी बघितलंच नव्हतं. वॉरंटवर होतं: क्रमांक ४.

"तीन सुटले. चौथा कुठाय ते बघा," असं म्हणून त्यांनी कपाटातून डॉर्मंट फाइलचं रजिस्टर ओढलं. आरोपी सापडतच नाही अशा केसेस चालू बोर्डावरून काढून या रजिस्टरला लावतात. तिघांची तडजोड झाली त्याच दिवशी ह्याच्यापुरता खटला वेगळा काढला होता, त्याला नवा नंबर पडला होता, आणि नव्या नोंदीत नावाच्या सुरुवातीला चक्क जे-एन होतं. मला तो सापडणार कुठून? वॉरंट मात्र आधीच निघालेलं, म्हणून त्यावर जुना नंबर. खटला निजला तरी वॉरंट जागंच असतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ७०(२) (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ७२(२)) हेच सांगतं: बजावलं जाईपर्यंत किंवा काढणाऱ्या कोर्टाने रद्द करेपर्यंत ते चालू. त्याला मुदत नाही.

व्हरांड्यात परत आले तेव्हा जमादार काही बोलले नाहीत. चहा मागवला होता, त्यातला अर्धा माझ्यापुढे सरकवला.

रेकॉर्ड रूममधून जुन्या फाइलींचा रुमाल सुटून फाइल यायला दुपार झाली. रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद, वाचत गेले. ऑगस्ट २०१३ पर्यंत हा माणूस प्रत्येक तारखेला हजर आहे, एकदाही चुकलेला नाही. मग तारीख पडली डिसेंबरात. गैरहजर, जामीनपात्र वॉरंट. पुढची जानेवारीत. गैरहजर, अजामीनपात्र वॉरंट. वॉरंटाच्या पाठीवर पोलिसांचा अहवाल: 'आरोपी ऊसतोडीकामी बाहेरगावी गेला असून मिळून आला नाही.' पुढच्या तारखेला तोच अहवाल, तेच वाक्य. तो कुठे आहे आणि कशासाठी गेलाय हे कागदावर सगळ्यांना माहीत होतं. लोकअदालतही डिसेंबरातच भरली. तेव्हा हा बेळगावकडे उसाच्या फडात होता. चैत्रात परत आला तेव्हा भावांनी सांगितलं, मिटलं. त्याला वाटलं, मिटलं.

सकाळी घाईघाईत लिहिलेला वॉरंट रद्द करण्याचा अर्ज मी फाडला. आरोपी आपल्या पायाने हजर झाला तर तो अर्ज चालतो. इथे पोलिसांनी धरून आणल्यामुळे वॉरंट बजावलं गेलं होतं. आता मागायचा तो जामीन. चारही कलमं जामीनपात्र, पण बंधपत्र देऊन हजर न राहिलेल्याला कोर्ट जामीन नाकारू शकतं, आणि सरकारी वकील नेमकं त्यावरच बोट ठेवून उभे होते.

न्यायाधीश मॅडमनी फाइल दोनदा मागे-पुढे चाळली. "फिर्यादी हयात आहे का?"

"आहे मॅडम. बाहेर गाडीत बसलाय."

"कुठल्या गाडीत?"

"आरोपीच्याच. एकाच टोळीत आहेत."

सरकारी वकीलसुद्धा हसले. पुकारा झाला. फिर्यादी आला, मागून त्याची बायको. २०११ ला मार तिलाही लागला होता, म्हणून तिचीही संमती हवी. मॅडमनी विचारलं, कुणाचा दबाव आहे का? बाई डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाली, "दबाव कशाचा ओ, मागंच मिटलंय की. आता त्याच पायपाचं पाणी आमी बी घेतो."

तडजोडीची पुरशीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, झाली, अंगठे उठले, ओळख मी पटवली. अशी तडजोड नोंदली की निर्दोष सुटल्यासारखंच. राहिला बंधपत्र मोडल्याचा दंड, हजार रुपये. ते मुकादमाने भरले. सकाळपासून तो आवारात फेऱ्या मारत होता. एक कोयता कमी पडणं त्याला परवडणारं नव्हतं. पैसे भरून त्याने खिशातली वही काढली आणि तिथेच ती रक्कम उचलीत मांडली. मी काही बोलणार होते, पण साडेपाच वाजले होते.

भाऊसाहेबांकडून पोलीस ठाण्याला पत्र काढून घेतलं. त्याची आणि रोजनाम्याची नक्कल माणसाच्या हातात द्यायची म्हणून तातडीची फी भरली, पण ती दुसऱ्या दिवशी मिळणार होती. गाडी त्याच रात्री गेली. नक्कल माझ्याकडेच राहिली.

जानेवारीत जमादारांचा फोन. "मॅडम, आढावा बैठकीची यादी आलीय. तुमचा तो ज्ञ परत आलाय बघा फरारीत."

"अहो, तुम्हीच आणलं होतं ना त्याला?"

"मी आणलं होतं ओ, पण यादीला कुठं माहीतंय?"

मी नक्कलेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. पाच मिनिटांनी पुन्हा फोन. "मॅडम, ह्याच्यावर नवा नंबर आहे. यादीत जुना आहे."