आइसलंड व्हॅन लॉग : दिवस 5 ते 7, हॉफ्न ते मिवात्न

पाचव्या दिवशी हॉफ्नहून निघायचं होतं आणि निघालोच नाही. इथल्या हवामान खात्याच्या साइटवर वारा मीटर पर सेकंदात देतात, त्या दिवशी 19 होता, म्हणजे ताशी 70 किमीच्या आसपास आणि झटके त्याहून जोरात, आपली व्हॅन म्हणजे चाकांवरचं उभं कपाट, त्यामुळे 15 च्या वर आकडा गेला की चावी खिशात हा आमचा नियम. बायको म्हणाली बरंय, कपडे वाळतील. वाळले नाहीत, एक मोजा मात्र समुद्राकडे गेला.

वारा व्हॅनचं दार हिसकावतो, असं सगळ्यांनी बजावलं होतं तरी पहिल्याच दिवशी माझ्या हातून सुटता सुटता राहिलं. आता सवय झालीये, नाक वाऱ्याकडे करून पार्क करायची, एका वेळी एकच दार, आणि काच आधी थोडी खाली घेऊन वरची चौकट धरूनच इंचाइंचाने उघडायचं. बिजागरं वाकली तर आमच्या इन्शुरन्समध्ये ते बसत नाही, कागदावर स्पष्ट लिहिलंय.

सहाव्या दिवशी वारा 8. एगिल्स्तादिरला जायला 939 नंबरचा ओक्सी घाट शॉर्टकट आहे, पण खडीचा आणि भलताच चढाचा, म्हणून मुकाट्याने रिंग रोड (देशाला वळसा घालणारा मुख्य रस्ता) धरला, फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाड्यांच्या कडेकडेने, मधे जवळजवळ 6 किमीचा बोगदा. लांब पडतं पण वाईट अजिबात नाही. मेंढ्या मात्र जपा, आई रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरं दुसऱ्या बाजूला दिसली की ब्रेकवर पाय ठेवा, ती पळणारच.

मुक्काम कॅम्पसाइटवरच. कुठेही गाडी लावून झोपता येत नाही, जमीनमालकाची परवानगी लागते. जूनमध्ये अंधार पडतच नाही, पडदे जाड घ्या. रात्री हीटर चालू आणि खिडकी बोटभर उघडी, नाहीतर सकाळी काचांवरून पाणी ओघळून अंथरुणात येतं (आमच्या आलं).

सातव्या दिवशी देत्तिफॉस धबधबा, पश्चिमेकडच्या 862 नंबरच्या रस्त्यावरून, तो पूर्ण डांबरी आहे. धबधबा 44 मीटर उंच, पाणी सिमेंट कालवल्यासारखं राखाडी, आणि बोलायचं तर कानाशी ओरडावं लागतं. संध्याकाळी मिवात्न तळ्याकाठी. चिलटं नाकातोंडात जातात, जाळीची टोपी हसू येईल अशी दिसते तरी घ्याच. शॉवरच्या गरम पाण्याला गंधकाचा वास, आणि आंघोळ करून आली तर बायकोची चांदीची जोडवी काळी पडलेली. टूथपेस्ट लावून घासतेय, अर्धीच उजळलीत. उद्या अकुरेरी, वारा 11 दाखवतोय.