रायफल ऑटोमॅटिक असताना लाइट मशीनगन कशाला?

चाप दाबून धरला की आजकाल साधी रायफलसुद्धा धडाधड गोळ्या सोडते. मग तुकडीतल्या एकाने सात-आठ किलोची वेगळी लाइट मशीनगन का वागवायची? शस्त्रांवर लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर ठाऊक असल्यासारखं वाटत असतं: मशीनगन जास्त जोरात चालते म्हणून. तसं नाही. एम-१६ रायफल आणि एम-२४९ मशीनगन यांचा गोळ्या सोडण्याचा यांत्रिक वेग जवळपास सारखाच आहे, मिनिटाला सातशे-आठशेच्या घरात. तुम्ही विचारलंत म्हणून जरा तपशिलात जातो.

खरा फरक पहिल्या दहा सेकंदांत दिसत नाही, दहाव्या मिनिटाला दिसतो. अमेरिकी लष्करी पुस्तिका एम-१६चा दीर्घकाळ टिकणारा वेग मिनिटाला १२ ते १५ गोळ्या एवढाच धरतात. बेल्जियमच्या एफएन मॅगवरून घेतलेली एम-२४० मिनिटाला १०० गोळ्यांचा मारा चालू ठेवते, दर दहा मिनिटांनी बॅरल बदलायची एवढीच अट. तोच मारा २०० वर नेला तर दर दोन मिनिटांनी नवी बॅरल. म्हणजे मशीनगन विकत घेताना तुम्ही वेग घेत नाही, उष्णता झेलायची ताकद घेता.

गोळीमागची दारू जळते तेव्हा तिच्या ऊर्जेचा मोठा वाटा बॅरलच्या पोलादात उतरतो. पातळ बॅरल लवकर तापते. आधी नेम पसरतो, मग आतले आटे झिजतात, आणि त्याहून वाईट म्हणजे चेंबर (बॅरलच्या मागच्या टोकाची, गोळी बसते ती जागा) इतकं तापतं की आत बसलेली गोळी चाप न दाबताच उडते. याला कुक-ऑफ म्हणतात. रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी चेंबरमध्ये ढकलून मागून तोंड बंद करणारा सरकता भाग, बंद अवस्थेत थांबतो, गोळी चेंबरमध्येच पडून राहते, त्यामुळे हा धोका तिथे जास्त. म्हणून बहुतेक मशीनगन उघड्या बोल्टवर चालतात: चाप सोडला की बोल्ट मागे अडकतो, चेंबर रिकामं राहतं आणि बॅरलमधून हवा खेळते. चाप दाबला की बोल्ट पुढे धावतो, वाटेत गोळी उचलतो, चेंबरमध्ये सारतो आणि उडवतो. त्याची किंमतही आहे. गोळी सुटण्याआधी तो जड बोल्ट पुढे आदळतो आणि बंदूक हलते, त्यामुळे पहिली गोळी नेमाच्या थोडी बाहेर जाते. शिवाय उघड्या तोंडातून धूळ आत शिरते.

सुरुवातीला उष्णतेवर उपाय होता पाणी. मॅक्सिमची १८८४ची बंदूक आणि तिच्यावरून सुधारलेली १९१२ची विकर्स, दोन्हींच्या बॅरलभोवती पाण्याचं आवरण. विकर्समध्ये सुमारे ४ लिटर पाणी मावायचं. पाणी उकळत राही आणि बंदूक तासन् तास चालत राही. पण तिपाई आणि पाणी धरून वजन जवळजवळ ४० किलो. एका जागी बसून बचाव करायला उत्तम, खंदकातून उठून धावणाऱ्या पायदळासोबत न्यायला निरुपयोगी. जर्मनांनी याच मॅक्सिमला बायपॉड (दोन पायांचा टेकू) आणि दस्ता लावून एमजी ०८/१५ केली, तरी पाण्याविना १८ किलो. तिला हलकी म्हणणं हे कागदावरचंच.

डेन्मार्कच्या मॅडसनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हवेवर थंड होणारी, वर मॅगझिन (गोळ्यांचा डबा) असलेली, नऊ-दहा किलोची बंदूक करून दाखवली होती. मोठ्या सैन्यांनी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हाती लागली ती लुइस. १९१५च्या ऑक्टोबरात विकर्ससाठी वेगळं मशीनगन कोअर उभं राहिलं आणि बटालियनकडे लुइस आल्या. बॅरलभोवती अॅल्युमिनियमच्या पातळ पात्या, त्यावर जाड नळकांडं, वर ४७ गोळ्यांची चपटी थाळी, वजन बारा-तेरा किलो. नळकांड्यातून हवा ओढली जाऊन बॅरल थंड होते अशी कल्पना होती. विमानांवर बसवताना ते नळकांडं काढून टाकलं तरी बंदूक छान चालली, यावरून काय ते समजा. लुइसचं खरं दुखणं थाळीत होतं. थाळीला खालून झाकण नाही, म्हणजे चिखलात ठेवली की चिखल थेट गोळ्यांवर.

तरीही लुइसनेच पायदळाची रचना बदलली. १९१७च्या फेब्रुवारीत ब्रिटिश प्लाटूनची मांडणी चार सेक्शनमध्ये झाली: बाँब फेकणारे, लुइसवाले, रायफलवाले आणि रायफल-ग्रेनेडवाले. लुइसने समोरच्याची डोकी खाली ठेवायची आणि बाकीच्यांनी बाजूने सरकायचं. आजही तुकडीची चाल मुळात हीच आहे.

फ्रेंचांची शोशा मात्र कसं करू नये याचा धडा आहे. अडीच लाखांहून जास्त बनल्या, कारण बनवायला सोप्या होत्या. फ्रेंच लेबेल रायफलची ८ मिलिमीटरची गोळी मागे इतकी रुंद की मॅगझिन जवळजवळ अर्धगोल करावं लागलं, आणि किती गोळ्या उरल्या ते दिसावं म्हणून त्याची एक बाजू उघडी ठेवली. खंदकात उघडं मॅगझिन! शिवाय या बंदुकीत बॅरल स्वतः बोल्टबरोबर मागेपुढे सरकते. सलग मारा केला की ती तापून फुगते आणि मागेच अडकून बसते. मग निवण्याची वाट बघत बसा.

माझ्या मते मॅगझिनवर चालणाऱ्या लाइट मशीनगनचं कोडं सगळ्यात नीट सोडवलं ते ब्रिटिशांच्या ब्रेन या बंदुकीने. मूळ रचना चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो इथल्या व्हाक्लाव्ह होलेक यांची, झेडबी २६. ब्रिटिशांनी ती .३०३ गोळीसाठी बदलून घेतली आणि १९३७पासून इंग्लंडमधल्या एनफील्डला बनवायला घेतली. त्याच काळात भारतीय सैन्याने विकर्स-बर्थिए निवडली होती, ती बंगालमधल्या ईशापूरला बनत असे. दिसायला दोघी बहिणी, कारण दोघींचं मॅगझिन वर. पुष्कळांना वाटतं की गोळ्या आपोआप खाली पडाव्यात म्हणून ते वर आहे. नाही, गोळ्या स्प्रिंगच ढकलते. वर मॅगझिन ठेवण्याचा फायदा असा की पालथं पडलेल्या माणसाला बंदूक जमिनीलगत ठेवता येते, आणि शेजारी पडलेला नंबर दोन, म्हणजे बंदूकवाल्याचा मदतनीस, बंदूक न हलवता मॅगझिन बदलतो. नेमाची पट्टी मात्र डावीकडे सरकवावी लागते, त्यामुळे डावखुऱ्यांचे हाल.

.३०३ गोळीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना प्रत्येक नव्या गोळीची कड आधीच्या गोळीच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. उलटी बसली की बोल्ट एक गोळी ढकलताना ती दुसरीच्या कडेत अडकते. या कडेमुळेच ब्रेनचं मॅगझिन वाकडं आहे, आणि ३०च्या मॅगझिनमध्ये बहुतेक वेळा २८च भरत, म्हणजे स्प्रिंगवर ताण कमी पडतो.

बंदूक थांबली तर ठरलेला क्रम असा: कॉकिंग हँडल (बोल्ट मागे खेचायची मूठ) मागे ओढायचं, मॅगझिन काढून दुसरं लावायचं, नेम धरून पुन्हा चाप. दोन-चार गोळ्यांनी परत थांबली तर दोष गॅसचा असतो. गोळीमागचा थोडा गॅस पिस्टनला आणि पिस्टन बोल्टला मागे ढकलतो; बॅरलमधून पिस्टनकडे गॅस नेणाऱ्या रेग्युलेटरला वेगवेगळ्या मापाची चार छिद्रं असतात. काजळी साचली की पिस्टनला पुरेसा जोर मिळत नाही, मग पुढचं मोठं छिद्र लावायचं. सुरुवातीपासूनच मोठं छिद्र लावून ठेवणारे असतात. त्याने बंदूक आदळआपट करत चालते, सुटे भाग लवकर मोडतात आणि बायपॉडवर ती नाचते.

बॅरल बदलण्याचं काम नंबर दोनचं. जोराचा मारा म्हणजे मिनिटाला चार मॅगझिन. या वेगाने दहा मॅगझिन संपली, म्हणजे साधारण अडीच मिनिटं झाली, की बॅरल बदलायची. बोल्ट मागे, बॅरलच्या नटाचा दांडा वर, मूठ धरून बॅरल पुढे ओढायची, दुसरी सरकवायची, दांडा खाली. ती मूठ बॅरललाच बसवलेली असल्यामुळे हाताला चटका नाही. ही साधी गोष्ट अमेरिकी एम-६०च्या आखणीत सुटली होती. तिच्या बॅरललाच बायपॉड आणि गॅस सिलिंडर जोडलेले, आणि धरायला मूठ नाही. त्यामुळे एस्बेस्टसचा हातमोजा लागायचा, बॅरल काढली की बंदुकीला टेकू उरायचा नाही, आणि प्रत्येक जादा बॅरलसोबत जादा बायपॉडचं ओझं. वर पिस्टन उलटा बसवता येत असे. उलटा बसला की बंदूक एकच गोळी झाडून थांबणार.

जर्मनांनी वेगळी वाट धरली: एमजी ३४ आणि मग एमजी ४२. मॅगझिनऐवजी गोळ्यांचा पट्टा, बायपॉडवर हलकी, तिपाईवर जड, एकच बंदूक दोन्ही कामांना. एमजी ४२चा वेग मिनिटाला सुमारे १२००, म्हणजे सेकंदाला वीस गोळ्या. या वेगाचं फार कौतुक होतं, मला ते थोडं जास्तच वाटतं. साधारण २५० गोळ्यांनंतर बॅरल बदलायची, आणि चाप दाबूनच ठेवला तर २५० गोळ्या बारा-तेरा सेकंदांत संपतात. तिचं मोल होतं ते पत्रा ठोकून केलेल्या बनावटीत आणि उजवीकडचं दार उघडून काही सेकंदांत गरम बॅरल बाहेर काढण्याच्या सोयीत.

सोव्हिएत डीपी या लाइट मशीनगनने एक वेगळाच धडा दिला. तिची मुख्य स्प्रिंग बॅरलखाली, पिस्टनभोवती होती. बॅरल तापली की स्प्रिंगही तापायची, तिचा ताव जायचा आणि बंदूक मंदावायची. १९४४च्या डीपीएममध्ये स्प्रिंग मागे, रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या सांगाड्याच्या) शेपटीत नेली. जपानच्या टाइप ११ला तर गोळ्या नीट निघाव्यात म्हणून प्रत्येक गोळीला तेल लावणारा पंपच होता. तेल आणि धूळ एकत्र आल्यावर काय होतं ते सांगायला नको.

युद्धानंतर गोळी लहान झाली आणि वाद नव्याने सुरू झाला. १९६१ची आरपीके म्हणजे लांब आणि जाड बॅरलची कलाश्निकोव्ह, ४० गोळ्यांचं मॅगझिन किंवा ७५ची डबी. सगळ्यांची मॅगझिन एकमेकांना चालतात ही मोठी सोय, पण बॅरल बदलता येत नाही. ब्रिटिश एल-८६ या लाइट मशीनगनचीही तीच गत. नेम उत्तम, मॅगझिन ३०चं, बॅरल कायमची. तुकडीला सलग मारा देणारी बंदूक हवी होती आणि मिळाली लांब रायफल. शेवटी त्यांना बेल्जियमची पट्ट्यावर चालणारी मिनिमी घ्यावीच लागली. अमेरिकेने हीच मिनिमी १९८४मध्ये एम-२४९ म्हणून स्वीकारली होती: सुमारे ७ किलो, २०० गोळ्यांचा पट्टा, चटकन बदलणारी बॅरल. तिला रायफलचं मॅगझिनही लावता येतं, पण अडचणीतच लावावं. पट्टा ओढण्यात बोल्टची जी ताकद खर्च होते ती मॅगझिनवर वाचते, बोल्ट जास्त वेगाने धावतो आणि मॅगझिनची स्प्रिंग मागे पडते. अडथळे तिथून सुरू होतात.

आता गोळ्या कुठे पडतात ते. मशीनगनची फैर एका ठिपक्यावर पडत नाही, जमिनीवर लांबट पट्ट्यात पडते. जवळच्या अंतरावर हा पट्टा लांब आणि अरुंद असतो, अंतर वाढेल तसा आखूड आणि रुंद. म्हणून मशीनगन समोरासमोर न ठेवता बाजूला ठेवायची असते, म्हणजे तो लांबट पट्टा समोरच्यांच्या रांगेवर लांबीने पडतो. ब्रेन फार अचूक होती म्हणून कमी उपयोगी होती, ही ऐकीव गोष्ट मला पटत नाही. पसरट मारा हवा असेल तर बंदूक थोडी हलवता येते. मुळात पसरट असलेली बंदूक अचूक करता येत नाही.

वजनाचा हिशोब मात्र कुणाला चुकत नाही. ५.५६ मिलिमीटरची एक गोळी सुमारे १२ ग्रॅम, ७.६२ मिलिमीटरची त्याच्या दुप्पट. २०० गोळ्यांचा लहान पट्टा पेटीसकट ३ किलोच्या आसपास. दहा मिनिटं मिनिटाला १०० या वेगाने मारा करायचा तर हजार गोळ्या, म्हणजे अशा पाच पेट्या. त्या एका माणसाच्या पाठीवर मावत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात ब्रेनची मॅगझिन सेक्शनमधल्या रायफलवाल्यांच्याही पिशव्यांत असत, आणि आजही पट्टे वाटून घेतात.

तुमच्या प्रश्नाच्या बाजूने सगळ्यात ठाम उभी राहिलेली फौज म्हणजे अमेरिकी मरीन. २०१०नंतर त्यांनी पायदळाच्या तुकड्यांत एम-२४९च्या जागी एम-२७ आणली: जाड बॅरलची रायफल, ३०चं मॅगझिन, वजन निम्मं. कमी गोळ्या पण नेमक्या, असा त्यांचा युक्तिवाद, आणि लहान तुकडीच्या झटापटीत तो चुकीचा नाही. पण पट्ट्यावरच्या बंदुका त्यांनी मोडीत काढल्या नाहीत, कंपनीच्या पातळीवर राखून ठेवल्या.